शुभा, तुझ्या हातांना मनाई होती

शुभा,

तुझ्या तेरवीच्या दिवशी सगळे तुझ्या फोटोशी बोलत होते. तुझी जाऊ कविता फोटोसमोर बसून रडत होती, "शुभांगी वो, एवढी काय घाई झालती तुले?" तुझ्या सासूबाईंच्या माहेरच्या बाया एकेक करून पुढे यायच्या, हार घालायच्या, हात जोडायच्या आणि काहीतरी पुटपुटून मागे सरकायच्या. मी भिंतीला टेकून बघत होते आणि माझं डोकं तापत होतं. लग्न होऊन तू सिंदीला त्या घरात गेलीस, नांदलीस, आई झालीस. रोज प्रत्येकाच्या ओठांकडे डोळे लावून बसायचीस. तेव्हा यातल्या किती जणी तुझ्याकडे तोंड वळवून एक वाक्य पुरतं बोलल्या? जिवंत होतीस तेव्हा तुझ्याशी बोलून काय उपयोग, असं सगळ्यांना वाटत होतं. फोटोला मात्र सगळं ऐकू जाणार होतं.

मी फोटोशी बोलले नाही. मी लिहिते आहे. तुला वाचता येत होतं, आणि माझ्यापेक्षा तुझं अक्षर चांगलं होतं.

पंगत उठत आली होती. मी वरणाची बादली घेऊन शेवटच्या ओळीत वाढत होते. तेव्हा तुझ्या सासूबाईंची धाकटी बहीण पाटावरून हलता हलता शेजारणीला म्हणाली, "वाईट झालं बाप्पा. तरणीताठी पोरगी. पण एक सांगू? आता तरी पोट्टं बोलायले शिकन."

मी बादली खाली ठेवली.

"काय म्हणालात मावशी?"

"काई नाई वो. लेकराच्या भल्याचंच बोलून राह्यली मी."

"लेकराचं भलं त्याची आई मेल्यानं झालं?"

प्रफुल पलीकडे हात धूत होता, तो तसाच ओल्या हातांनी आला. "वंदनाताई, राहू द्या ना. आज नको."

"मग कधी? ती होती तेव्हाही तुमचं हेच असायचं, आज नको."

तो खाली मान घालून उभा राहिला. तुझ्या नवऱ्याची मान तशी नेहमी खालीच असते. मी न जेवता सेलूला बाबांकडे निघून आले. बाबांनी विचारलं, "जेवलीस का?" मी हो म्हणाले.

तुला आठवणार नाही, तू फार लहान होतीस, पण मला आठवतं. तुला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा बाबा तहसील कचेरीतून येऊन नुसते पायरीवर बसायचे. शेजारच्या बाया आईला सांगायच्या, "कायले तिच्याशी बडबड करत बसता? दगडाशी बोलल्यासारखं आहे ते." आई कोणाला काही बोलायची नाही. तुला मांडीवर घ्यायची, तुझा पंजा आपल्या गळ्यावर ठेवायची आणि गुणगुणायची. तुझ्या हाताला ते थरथरणं लागलं की तू दचकायचीस आणि मग खुदकन हसायचीस. आई थांबायची. तू तिच्या गळ्यावर चापट मारायचीस, म्हणजे पुन्हा कर. आई पुन्हा करायची. स्वयंपाक राहिला तरी चालेल, पण हा खेळ चालू. मला राग यायचा, कारण माझी वेणी घालायची राहायची.

आईने तुला वाढवलं ते असं. कणीक मळताना तुझ्या हातात गोळा, भाजी निवडताना तुझ्यासमोर शेंग सोलून दाखवणं, चिमणी दिसली की आधी तुझ्या नजरेत नजर आणि मग चिमणीकडे बोट. पुढे तू वर्ध्याच्या शाळेत गेलीस, खुणांची रीतसर भाषा शिकलीस आणि सुट्टीत आलीस की आम्हाला शिकवायचीस. माझी खूण तू ठरवली होतीस, खांद्यावरून वेणी पुढे ओढल्याची. मी केस कापले तरी तू ती बदलली नाहीस.

तर तू अशी होतीस. तुला माणसाच्या चेहऱ्यावरचं सगळं दिसायचं. ऑफिसमध्ये माझं भांडण झालेलं मी दारातून आत यायच्या आधी तुला कळायचं. आणि हे लोक म्हणत होते, ही पोराला काय वाढवणार.

वेदू झाला तेव्हा आई नव्हती, तरी तू सेलूला आपल्याकडेच होतीस. पहिले तीन महिने. त्याच्या पाळण्याची दोरी तू मनगटाला बांधून झोपायचीस. तो हलला की तुझा हात हलायचा, तू उठायचीस. बाबा म्हणायचे, "मला ऐकू येते तरी मी उठत नाई, ही पोरगी पहा." तू त्याला मांडीवर उताणं घ्यायचीस आणि नुसती बघायचीस. भुवया उचलायचीस आणि थांबायचीस. तो हळूहळू भुवई उचलायचा. मग तू तोंडाचा चंबू करायचीस आणि थांबायचीस. मी म्हणायचे, अगं, एवढ्याशा बाळाला काय कळतंय? तू माझ्याकडे न बघता एक हात वर करायचीस, म्हणजे मध्ये बोलू नको, तो सांगतो आहे काहीतरी.

मग सासरी गेलीस आणि ते सुरू झालं.

मला ते पहिल्यांदा कळलं एका रविवारी. मी वर्ध्याहून दुपारच्या गाडीने सिंदीला आले होते, वेदूसाठी कुंची घेऊन. दुकान उघडं होतं. तुमच्या घरापुढच्या कापडाच्या दुकानातल्या त्या मोठ्या पांढऱ्या गादीवर, थानांच्या, म्हणजे कापडाच्या ताग्यांच्या, दोन गठ्ठ्यांच्या मध्ये, वेदूला उशी लावून बसवलं होतं. सहा महिन्यांचा असेल. त्याच्यासमोर थानाला टेकवून मोबाईल ठेवला होता आणि त्यात कुठलीतरी इंग्रजी बालगीतं मोठ्या आवाजात चालू होती. हत्ती नाचत होते. प्रफुल गिऱ्हाईकाला पीस फाडून देत होता. मी वेदूसमोर बसले, हाक मारली, टाळ्या वाजवल्या. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर पुन्हा हत्तींवर नेली. तीन महिन्यांचा असताना जे बाळ माझ्या भुवयांकडे बघून हसायचं, ते हे नव्हतं.

मागच्या घरात गेले तर तू पोळ्या लाटत होतीस. दार अर्धं उघडं ठेवून बसली होतीस, त्या फटीतून दुकानातली गादी दिसावी म्हणून.

मी विचारलं, तो बाहेर का?

तू लाटणं ठेवलंस, हात पुसलेस, दाराकडे पाहिलंस आणि मगच हात उचललेस. "दिवसभर तो तिथेच असतो. नाहीतर कविताकडे. संध्याकाळी पाजायला आणि झोपवायला मला देतात. त्याच्यासमोर हात हलवायचे नाहीत असं सांगितलंय."

"कोणी?"

तू डोक्यावरून पदर घेतल्याची खूण केलीस. सासूबाई.

मी तशीच त्यांच्याकडे गेले. त्या माळ्यावरच्या खोलीत डाळ पाखडत होत्या. मला पाहून हसल्या, बस म्हणाल्या. माणूस वाईट नाही, हे तू मला दहा वेळा सांगितलंस. असेल. पण त्या दिवशी त्या जे बोलल्या ते मी विसरणार नाही.

"काकू, वेदूला शुभाजवळ का देत नाही?"

"देतो ना. कोण म्हणते देत नाई?"

"दिवसभर तो मोबाईलसमोर आहे."

"वंदना, तू शिकलेली पोरगी आहेस. तूच सांग. आई बोलत नाई, तर लेकरू बोलायचं कोणाचं पाहून? त्याच्या कानावर शब्द पडले पाहिजे का नाई? तिच्याजवळ ठेवलं तर तेही हातच हलवत बसन. गावात आधीच लोक विचारून राह्यले, पोट्ट्याले ऐकू येते ना म्हून. मी काऊन जोखीम घेऊ?"

"आणि तिचे हात? ते का बंद?"

"लेकरू नक्कल करते. एकदा ती सवय लागली का जात नाई."

सवय! जणू तू तंबाखू खात होतीस. तुझ्याजवळ बोलायला जे एक होतं तेच काढून घेतलं, पोराच्या समोर तोंडात बोळा कोंबावा तसं, आणि त्याला भलं म्हणत होते. आणि शब्द कोणाचे पडू द्यायचे त्याच्या कानावर? त्या हत्तींचे. ज्या हत्तींना वेदू हसला की रडला ते कळत नव्हतं. त्याने हात पुढे केला तर ते थांबत नव्हते. घरात सात माणसं बोलणारी, आणि त्यातलं एकही त्या बाळाशी बोलत नव्हतं, कारण मोबाईल बोलतो आहे ना.

आपलं भांडण त्याच दिवशी झालं. स्टेशनवर सोडायला आली होतीस. फलाटाच्या टोकाला बाकावर बसून आपण दोघी हातांनी भांडलो. चहावाला बघत राहिला होता.

मी म्हणाले, "सामान बांध. वेदूला घे. वर्ध्याला माझ्याकडे चल."

तू म्हणालीस, "नाही."

"घाबरतेस?"

"नाही. तुझ्या घरी तू सकाळी ऑफिसला जाशील, संध्याकाळी येशील. इथे त्याला आजी आहे, बाप आहे, काका-काकू आहेत, कविताची मुलगी आहे. त्याला ऐकू येतं, ताई. त्याला ही सगळी माणसं हवीत. त्यांचं बोलणं हवं. त्या सगळ्यांच्यात मीही हवी, एवढंच."

"ते तुला ठेवत नाहीत त्यांच्यात."

"ठेवतील."

"कधी? तो शाळेत जाईल तेव्हा?"

तू म्हणालीस, "सासूबाई त्याच्यावर जीव टाकतात. फक्त भितात."

मी इतकी चिडले की गाडी आली तरी तुझ्याकडे न बघता चढले. ते भांडण आपण कधी पुरं केलं नाही. मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं. तू वर्ध्याला आली असतीस तर वेदूचे ते मधले महिने फुकट गेले नसते. तू नाही म्हणशील. आता म्हणायला तू नाहीस, आणि मी एकटी दोन्ही बाजूंनी भांडत बसते, आणि तुझी बाजू मला नीट मांडता येत नाही.

वेदू आठ-नऊ महिन्यांचा झाला तरी हुंकाराशिवाय आवाज काढेना. हाक मारली तर वळेना. मग घाबरले सगळे. मुकं निघालं म्हणाले. आणि बोट कोणाकडे? तुझ्याकडे. रक्तातच आहे म्हणे. मी रजा टाकली आणि वर्ध्याच्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली. तू, प्रफुल, सासूबाई, मी आणि वेदू.

आधी कान तपासले. तो झोपेत असताना यंत्र लावून. मग डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. "कान एकदम ठीक आहेत," त्या प्रफुलकडे बघून म्हणाल्या. "याच्याशी दिवसभर कोण बोलतं?"

सासूबाई म्हणाल्या, "सारेच बोलतो मॅडम. अन् मोबाईल तर दिवसभर चालूच रायते."

"मोबाईल याच्याकडे बघून हसतो का?"

मग त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली.

"आई कोण? आईकडे द्या जरा."

प्रफुलने वेदूला तुझ्या मांडीवर ठेवलं. तुझे हात त्याच्या पाठीशी तसेच गच्च. तू सासूबाईंकडे पाहिलंस. एका आईला आपल्या बाळाशी बोलायला परवानगी मागावी लागते, हे मी त्या खोलीत पाहिलं, शुभा. मी तुला खूण केली, कर, तुला करायचं ते कर.

तू त्याला समोर धरलंस. भुवया उचलल्यास. थांबलीस. तो बघत राहिला, बराच वेळ. मला वाटलं संपलं सगळं, विसरला तो. तू थांबूनच होतीस. मग त्याची एक भुवई हलली. तू गाल फुगवलेस आणि थांबलीस. त्याने हात तुझ्या गालावर मारला आणि आवाज काढला, मोठ्याने, किंचाळल्यासारखा. तू त्याचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवलास आणि तसाच आवाज काढलास. तुझा आवाज त्या घरातल्या कोणी कधी ऐकला नव्हता. सासूबाई दचकल्या. वेदू पुन्हा किंचाळला.

"हे पाहा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे बोलणंच आहे. एक जण करतो, दुसरा थांबतो, मग दुसरा करतो. याच्याशी असं कोणी केलं नाही तर तो बोलेल कशासाठी?"

सासूबाई म्हणाल्या, "पण मॅडम, ती बोलत नाई ना."

"त्या बोलतात. तुम्हीही बोला. तोंडाने. अंघोळ घालताना, भरवताना, दुकानात बसवताना. त्याच्याकडे बघून बोला आणि तो काय करतो त्याची वाट बघा. दोन्ही भाषा येऊ द्या, काही बिघडत नाही. मोबाईल तेवढा उचला."

हे सगळं त्या प्रफुल आणि सासूबाईंशी बोलत होत्या. तू मध्ये बसली होतीस, ओठ वाचायला मान इकडेतिकडे करत. मी म्हणाले, "मॅडम, हे जिला सांगायला हवं ती इथे आहे. तिच्याकडे बघून सांगा." त्यांचा चेहरा उतरला. पण बाई चांगली. खुर्ची फिरवली, तुझ्यासमोर आली आणि पहिल्यापासून सगळं सावकाश पुन्हा सांगितलं. तुला काही सांगायची गरज नव्हती खरं तर. पण तुझ्याकडे तोंड करून कोणीतरी बोललं.

त्यानंतरचे महिने चांगले गेले. तेवढे दिवस मिळाले त्याबद्दल कोणाचे आभार मानू ते मला कळत नाही. मी दर दोन आठवड्यांनी येत होते, आणि वेदू दर वेळी वेगळा दिसत होता. तुझी त्याला अंघोळ घालायची रीत मी न्हाणीच्या दारात उभी राहून बघायचे. पाण्याचा मग वर धरायचीस, डोळे मोठे करायचीस आणि थांबायचीस. तो पाय झाडायचा. तेव्हाच पाणी ओतायचीस, आधी नाही. तो खदखदून हसायचा. त्याची नजर जिथे जाईल तिथे तुझी नजर जायची. मुंगी, पाल, दोरीवरचा टॉवेल. तो रडला तर तू आधी त्याच्यासारखा रडवेला चेहरा करायचीस, म्हणजे कळलं मला, आणि त्याला छातीशी धरून मग हळूहळू तो चेहरा सोडायचीस. तोही सोडायचा. कविताची पोरगी हे पाहून पाहून शिकली. आणि प्रफुल, जो कधी चार शब्द बोलत नाही, तो दुकानात वेदूला मांडीवर घेऊन सांगायला लागला, "हे पहा वेदू, हे लाल. हे पिवळं. हे कोणाले पाहिजे? तुले पाहिजे?" आणि वेदू थानावर थापटी मारायचा.

सासूबाई मात्र वाट बघत होत्या. घर सगळंच वाट बघत होतं, की पोट्टं पहिला शब्द कधी बोलते. "अजून काई बोलत नाई," त्या मला दर वेळी सांगायच्या, तू समोर असताना, तुझ्या डोक्यावरून. वेदूसमोर हात हलवायची तुझ्यावरची बंदी कोणी उठवली नव्हती. नुसतं बघून न बघितल्यासारखं करत होत्या. त्याला तू जिंकणं म्हणत होतीस. मी म्हणत नव्हते.

आणि मग तो ताप आला. भाद्रपदात घरोघरी डेंग्यू होता. तुझ्या रक्तातल्या पेशी उतरल्या, तुला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे सगळ्यांच्या तोंडावर मास्क. तुला एकाचेही ओठ दिसत नव्हते. एक सिस्टर तुझ्या कानाशी ओरडून नाव विचारत होती आणि मग दुसरीला म्हणाली, पेशंट प्रतिसाद देत नाही. मी धावत आत गेले. "तिला ऐकू येत नाही! मास्क खाली करा आणि समोर उभ्या राहा!" मला बाहेर काढलं, संध्याकाळी भेटीच्या वेळी पुन्हा आत सोडलं. तुझा उजवा हात सलाईनसाठी फळीला पट्टीने बांधलेला होता. तो बांधला होता म्हणजे तुझं तोंड बांधलं होतं, हे तिथे कोणाच्या लक्षात आलं नाही.

तू डाव्या हाताने विचारलंस, "वेदूला अंघोळ कोण घालतं?"

मी सांगितलं, कविता.

"तिला सांग, घाई करू नको. त्याच्याकडे बघ आणि थांब."

मी म्हणाले, सांगते. तू डोळे मिटलेस. डोळे मिटलेले असले की तुझ्याशी बोलता येत नाही. मी तुझ्या पायाला हात लावून बसून राहिले. बरंच सांगायचं होतं. त्या स्टेशनवरच्या भांडणाचं, आणि तू ज्या तऱ्हेने वाट बघतेस त्याचं मला किती नवल वाटतं ते. तू उघडलेस की सांगू, असं ठरवलं होतं. तू उघडले नाहीस.

तेरवीनंतर मी सिंदीला जाणार नव्हते. बाबा म्हणाले, "भांडण तिच्या घरच्यांशी आहे, वेदूशी आहे का?" म्हणून गेले, परवा.

दुकान उघडं होतं. वेदू आता धरून धरून उभा राहतो. गादीवर मोबाईल नव्हता, एवढं मी आधी पाहिलं. तो सासूबाईंच्या मांडीवर होता, गळ्यात ओव्याची पोटली बांधलेली. त्यांचा चेहरा ओढलेला. मला बस म्हणाल्या, पाणी दिलं, तेरवीचा विषय कोणी काढला नाही. मग त्या म्हणाल्या, "याची सर्दी जाऊनच नाई राह्यली वंदना. दिवसभर नाकाले बोट लावते. ओव्याची पोटली केली, तेल लावलं. इथल्या डॉक्टरले दाखवलं, तो म्हणते नाक साफ आहे, काई नाई. मंग हे काय आहे?"

तेवढ्यात वेदूने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे, नीट, तोंडाकडे. आणि आपलं इवलंसं बोट नाकपुडीच्या बाजूला लावलं, जिथे बायका खडा घालतात. लावलं आणि माझ्याकडे बघत राहिला. वाट बघत.

शुभा, त्या घरात ते ओळखणारं मी सोडून कोणी नव्हतं.

मी सांगणार नव्हते. खरंच नव्हते. ज्या बाईने तुझे हात खाली ठेवायला लावले तिला हे का द्यायचं, असं मनात आलं. वेदू पुन्हा बोट लावून बघत होता. सासूबाई त्याचा हात बाजूला करत होत्या. "नको रे बापू, लाल होईन."

"त्याचा हात धरू नका," मी म्हणाले. "त्याला सर्दी नाही झाली. तो बोलतो आहे."

"काय बोलते?"

"आई. खडा घालते ती. नाकाला बोट म्हणजे आई."

दुकानाच्या गल्ल्याशी प्रफुल होता, तो उठून उभा राहिला.

"कधीपासून करतो असं?" मी विचारलं.

सासूबाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "ती होती तवापासून. पोळा झाला त्याच्या आधीपासून. मी तवाच म्हटलं होतं तिले, याचं नाक पहा म्हून. ती नुसती हसली."

तू हसलीस. मला सांगितलं नाहीस, कोणालाच सांगितलं नाहीस. सगळं घर कान लावून बसलं होतं, आणि तुझ्या लेकाचा पहिला शब्द कधीच बोलून झाला होता. तो तुझ्याचसाठी होता आणि त्या भरल्या घरात तो एकट्या तुला ऐकू आला होता.

सासूबाईंनी त्याच्या गळ्यातली पोटली सोडली. गाठ सुटत नव्हती, प्रफुल पुढे आला, त्याने सोडली. मग त्या मला म्हणाल्या, "वंदना, तो दिवसभर विचारून राह्यला. मी याले काय सांगू?"

मी त्यांना माफ केलेलं नाही. ते तुझं काम होतं, तू करून गेलीस, माझ्याच्याने होणार नाही. वेदू अजून माझ्याकडे बघत होता. मी खाली बसले, त्याच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि माझं बोट माझ्या नाकाला लावलं. आई. त्याचे डोळे चमकले, त्याने दोन्ही हात हवेत उडवले आणि मग इतक्या जोरात पुन्हा बोट लावलं की ते डोळ्यात गेलं. मी पुन्हा केलं. आमच्या शेजारी तुझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी आपला हात उचलला, जरा थांबल्या, आणि नाकाच्या चुकीच्या बाजूला लावला.

वेदूने त्यांच्याकडे पाहिलं आणि वाट बघितली.